टाळीच्या जागी

फोन वाजला की कुंदन दचकायचा. ही खोड त्याला दिवाळीनंतर लागली. त्याआधी हाच माणूस फोन वाजावा म्हणून देव पाण्यात घालून बसला होता आणि कोणी विचारत नाही म्हणून जगाला शिव्या देत होता. मग जग विचारू लागलं, तर ह्याची पाचावर धारण बसली. स्क्रीनवर साक्रीकडचं कोणाचंही नाव दिसलं की तो फोन पालथा घालायचा आणि वाजून वाजून बंद होईपर्यंत त्याच्याकडे बघत राहायचा.

कुंदन राहायचा जळगावात, पिंप्राळ्याला, एका चाळवजा इमारतीच्या वरच्या खोलीत. एका मंडप-साउंडवाल्याकडे तो मिक्सर सांभाळायचा. लग्न, साखरपुडा, नेत्याची सभा, सप्ताह, काहीही असो, स्पीकर किंचाळणार नाही आणि माइक मधेच मरणार नाही एवढी जबाबदारी त्याची. माणूस अबोल, पण कानाचा भलता तिखट. रस्त्यानं जाताना शटर खाली पडलं तरी थांबायचा, मोबाईल काढायचा आणि दुकानदाराला म्हणायचा, पुन्हा एकदा पाडा. दुकानदारांना वाटायचं की पोराचा एखादा स्क्रू ढिला आहे.

अशाच आवाजांतून त्यानं आणि धुळ्याच्या शाहबाजनं मिळून अल्बम केला. शाहबाज यंत्रमागवाल्यांच्या घरातला. दोघांची ओळख एका लग्नात झाली होती, तिथं दोघांचे स्पीकर समोरासमोर उभे राहून भांडत होते. दोघांनाही वेड हाउसचं. हाउस म्हणजे एकसारख्या ठोक्यावर चालणारं, थांबायचं नाव न घेणारं, नाचायचं संगीत. त्या ठोक्यावर ह्यांनी काय काय चढवलं विचारू नका. एका ट्रॅकमध्ये यंत्रमागांचा खडखडाट, दुसऱ्यात साक्रीच्या बाजारातला कांद्याचा लिलाव, तिसऱ्यात केळीचे घड ट्रकमध्ये चढवणाऱ्या मजुरांच्या आरोळ्या, चौथ्यात शाहबाजच्या हसनैनमामांची खोकणारी बाजाची पेटी. काहीच सोडलं नाही, म्हणून नाव ठेवलं ‘बठ्ठं’. आमच्या अहिराणीत बठ्ठं म्हणजे सगळं.

लोकांनी त्याचं काय केलं, तेही ऐका. यंत्रमागांचा ट्रॅक शाहबाजनं मोठ्या हौसेनं आपल्या मोहल्ल्यात ऐकवला, तर त्याच्या जीनतखालांनी विचारलं, दिवसभर हेच ऐकून कान किटतात, आता हेच ऐकायला रिचार्ज मारायचा का? पिंप्राळ्यात कुंदनच्या शेजारच्या चारुलतावहिनींनी सगळा अल्बम शांतपणे ऐकला आणि शेवटी म्हणाल्या, छान आहे, पण गाणं सुरू कधी होतं? पुण्याच्या कोणी जाणकारानं भलंमोठं लिहिलं, त्यातलं निम्मं कुंदनला कळलं नाही. उरलेल्या निम्म्याचा अर्थ असा, की ह्या पोरांना धड एक काही करता येत नाही आणि तेच ह्यांचं मोठेपण. परदेशातून कोणी कोणी नुसती आगीची चित्रं टाकायचे. एकूण काय, ऐकणारे थोडे, बोलणारे त्याहून थोडे. कुंदन रुसून बसला.

आणि मग सुरतेत गणपतीच्या मिरवणुकीत कोणी तरी सहावा ट्रॅक वाजवला.

तो ट्रॅक होता ‘ये ना रे घर’. एका बाईचा आवाज, खोल, थकलेला, पुन्हा पुन्हा तीच ओळ आळवणारा. खाली ठोका, आणि ओळीच्या मधोमध एक कडक टाळी. सुरतेत आपल्या खान्देशची माणसं ढिगानं. त्या मिरवणुकीतल्या पोरांनी टाळीवर एकदम हात वर करून टाळ्या मारल्या, कोणी तरी ते मोबाईलवर टिपलं, आणि महिनाभरात धुळे, नंदुरबार, अमळनेर, जिथं डीजेची गाडी तिथं तो ट्रॅक. चिमुरडी पोरंसुद्धा टाळीची जागा चुकायची नाहीत. शाहबाजचे पाय जमिनीवर राहिनात. कुंदनला मात्र जेवण जाईना. कारण तो आवाज कोणाचा आहे हे एकट्या त्याला माहीत होतं. नंतर त्यानं शाहबाजला सांगितलं, आणि मग दोघांना.

आवाज त्याच्या मावशीचा होता. यशोदामावशी, साक्रीजवळच्या एका खेड्यातली. आई लवकर गेल्यावर कुंदन शाळेची सगळी वर्षं तिच्याकडेच वाढला. तिच्या हातची भाकरी खाल्ली, तिचा मार खाल्ला, तिच्या पोराच्या, नवलच्या, अंगाला अंग लावून एका गोधडीत झोपला. नवल त्याच्याच वयाचा. नाचायचा भलता शौक आणि तालाचं नाव नाही, असा गडी. शाळेच्या लेझीममध्ये गुरुजी त्याला मागच्या रांगेत लपवायचे. तो नवल मागच्या वैशाखात मोटरसायकलवरून घरी येताना ट्रकखाली गेला.

मयताच्या घरी भेटायला जाण्याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. बायका दारात आल्या की घरच्या बाईच्या गळ्यात पडतात आणि रडतात, आणि ते नुसते हुंदके नसतात. त्या रडण्याला चाल असते, शब्द असतात, गेलेल्याला घातलेली साद असते. त्या दिवशी यशोदामावशी रडली ती अशी:

‘ये रे मन्हा नवल, ये ना रे घर. वाट देखस तुन्ही माय, ये ना रे घर.’

कुंदन पुरुषांत बसला होता. त्याच्या शर्टाच्या खिशात मोबाईल होता आणि मोबाईल आवाज टिपत होता. सवयीनं बटण दाबलं गेलं, असं त्यानं पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते खोटं होतं. तो खरोखर रडत होता, शर्टाची बाही भिजली होती, आणि त्याच वेळी त्याचा कान मोजत होता, की हिची ओळ ठोक्यावर किती बरोबर पडते आहे. आपण माणूस आहोत की कोण, ही भीती त्याला तिथंच पहिल्यांदा वाटली. पण त्यानं बटण बंद केलं नाही.

ट्रॅक करताना त्यानं एक हुशारी केली. ओळीत नवलचं नाव होतं. नाव राहिलं तर साक्रीकडचं कोणीही ओळखील, म्हणून ते कापलं. कापल्यावर तिथं भोक पडलं, ताल लंगडायला लागला. मग त्या जागी त्यानं टाळी बसवली. ‘ये रे मन्हा’, टाळी, ‘ये ना रे घर’. ऐकून शाहबाज उडालाच. ह्याच टाळीवर आता गावोगावची वऱ्हाडं नाचत होती.

शाहबाजला जेव्हा खरं कळलं तेव्हा त्यानं चालू असलेला ट्रॅक बंद केला. मग म्हणाला, ट्रॅक काढून टाकू. त्यांनी काढलाही. पण डीजेवाल्यांच्या पेनड्राइव्हमध्ये शिरलेलं गाणं कोणाच्या बापाला काढता येत नाही. उलट नेटवर मिळेना म्हटल्यावर पोरं ते एकमेकांना जपून पाठवू लागली. शेवटी शाहबाज म्हणाला, दुसऱ्याकडून कळायच्या आत तू जाऊन सांग, पाय धर, काय बोलेल ते ऐकून घे. कुंदनला ते पटलं. पटलं म्हणूनच अंगावर काटा आला. मावशी चिडेल, मारेल, शिव्या देईल, ह्याचं त्याला काही नव्हतं. ती काहीच बोलणार नाही आणि दार लावून घेईल, ह्याचं भय होतं. जगात तेवढं एकच दार असं होतं, की जिथं तो चप्पल काढताना विचार करत नसे.

संक्रांतीनंतर तो गेला. जळगावहून धुळे, धुळ्याहून साक्री, एसटीत सगळा वेळ मनात वाक्यं जुळवत. घर होतं तसंच होतं, फक्त कोनाड्यातला नवलचा फोटो दिसत नव्हता. मावशीच्या नवऱ्यानं, जीवराममावसांनी, तो पेटीत ठेवला होता. दिवसकार्य झाल्यावर भावकीनं बसून ठरवलं होतं, की यशोदाबाईपुढे पोराचं नाव काढायचं नाही, ती मनाला लावून घेईल, अंथरूण धरील. तेव्हापासून त्या घरात ते नाव कोणी घेत नव्हतं. बोलणं त्या बाजूला वळलं की माणसं खोकायची, पाणी मागायची.

मावशीनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा वाढला. कुंदननं मान खाली घालून खाल्लं. मग तिनं चुलीपुढून न वळताच विचारलं की तू गाणी करतोस म्हणतात, मला कधी ऐकवलं नाहीस. हाच तो क्षण होता, हे त्यालाही कळलं. त्यानं मोबाईल काढला, बोट सहाव्या ट्रॅकवर नेलं, आणि पहिला लावला. यंत्रमाग खडखडू लागले. मावशी ऐकत राहिली. म्हणाली, “हाई ते पीठनी गिरणी शे.” आणि भांडी उचलून बाहेर गेली. कुंदन मिळेल त्या गाडीनं परतला. न सांगताच. वाटेत त्याला स्वतःची इतकी शिसारी आली की धुळ्याच्या स्टँडवर घेतलेला चहा त्यानं तसाच ओतून दिला.

त्यातच दीपमालाचं जमलं. दीपमाला म्हणजे नवलची धाकटी बहीण. घरात मयत झालं की लग्न वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, ही रीत, म्हणून घाई. मुलगा धुळ्यातल्या देवपूरचा, प्रेमराज, सरळ पोरगा. वऱ्हाड धुळ्याहून येणार, म्हणजे डीजेची गाडी आलीच.

कुंदननं मग जे केलं ते आठवून त्याला पुढे कानकोंडं व्हायचं. तो जीवराममावसांना म्हणाला, घरात दुःख आहे, डीजे नको, साध्या वाजंत्रीवर भागवू. मावसांचे डोळे भरून आले. म्हणाले, तुला जेवढं वाटतं तेवढं सख्ख्यांना वाटत नाही रे. कुंदनला वाटलं, जमीन दुभंगावी. आणि एवढं खोटं बोलून उपयोग काही झाला नाही. मुलाकडच्यांनी गाडी सांगून ठेवली होती. तेव्हा त्यानं गाडीचा मालक शोधला, ओळख काढली, हातापाया पडून ते एक गाणं वाजवू नको म्हणून वचन घेतलं. मालक म्हणाला, भाऊ, तुमच्यासाठी काय पण.

लग्नाच्या दिवशी कुंदन सकाळपासून मांडवात राबत होता. खुर्च्या लाव, पाण्याचे जार उतरव, पंखे बांध. हात कामात आणि कान रस्त्याकडे. उन्हं चढली तसे पाहुणे वाढले. नवरदेव गावाच्या मारुतीपाशी येऊन थांबल्याचा निरोप आला आणि लांबून ठोका ऐकू येऊ लागला. आधी नेहमीची गाणी वाजली. कुंदननं प्रत्येक गाणं सुरू होताना श्वास धरला आणि ओळखल्यावर सोडला. वरात गल्लीच्या तोंडाशी आली. मावशी नवी साडी नेसून, हातात ओवाळणीचं ताट घेऊन मांडवाच्या दारात उभी राहिली. आता पाच-पंचवीस पावलं, की झालं, असं कुंदनच्या मनात आलं.

तेवढ्यात गाडीवर चढलेल्या एका पोरानं आपला मोबाईल जोडला. मालक मागे वळून नको नको म्हणत होता, ते कुंदनला दिसलं. मग मावशीचा आवाज सगळ्या गल्लीवर पसरला.

‘ये रे मन्हा’ आणि टाळी. शेकडो हात एकदम वर गेले. ‘ये ना रे घर’.

पळत जाऊन वायर उपटावी असं कुंदनला वाटत होतं, पण तो जागचा हलला नाही. मांडवाचा खांब धरून तो मावशीकडे बघत राहिला. आता ताट पडेल. आता ती खाली बसेल. आता माणसं धावतील आणि सगळ्यांना कळेल. ताट पडलं नाही. निरांजनाची ज्योत तेवढी हलत होती. मावशी समोर बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. पहिल्यांदा त्याला वाटलं की थरथरतायत. मग नीट पाहिलं. ओळ चालू असताना ओठ मिटलेले असायचे. टाळी पडली, की तेवढ्यापुरते उघडायचे. प्रत्येक टाळीला. एकदाही न चुकता. पोरं नाचत राहिली, ती जागा आली की हात वर जात राहिले, आणि हातांच्या त्या गदारोळात ती बाई काही तरी बोलत राहिली. काय, ते फक्त कुंदनला कळत होतं.

नवरदेव दारात आला. तिनं ओवाळलं, कुंकू लावलं, सगळं रीतीनं केलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, दीपमाला रडून-भेटून गेली. कुंदन दिवसभर मावशीच्या नजरेच्या वाटेत आला नाही. वऱ्हाड गेल्यावर मांडवाखाली खुर्च्यांची थप्पी लावताना मागून तिची हाक आली. तो वळला. ती बाजेवर बसली होती. तिनं शेजारची जागा हातानं दाखवली. भीतीला शेवट असतो की नाही कोण जाणे, पण पळायला जागा उरली नाही की माणूस जाऊन बसतो. तोही बसला.

“हाऊ आवाज मन्हा शे,” मावशी म्हणाली. “माले दिवाईलेच समजनं.”

सुरतेच्या नणंदेनं दिवाळीत फोनवरून ऐकवलं होतं, हे काय नवीन आलंय म्हणून. दोन ओळींत मावशीनं स्वतःला ओळखलं होतं. त्या दिवशी दारात कोण कोण होतं आणि त्यातलं आवाज गोळा करणारं कोण, हे समजायला तिला वेळ लागला नाही. तेव्हापासून ती दीपमालाच्या मोबाईलवर ते रोज ऐकत होती, रानातून आल्यावर, चूल पेटायच्या आधी. कुंदन संक्रांतीनंतर आला तेव्हा तिला वाटलं होतं, सांगायला आला. म्हणून तर तिनं आपणहून विचारलं. आणि ह्यानं लावली गिरणी.

कुंदनला रडू फुटलं. माफ कर म्हणायचं होतं, ते शब्द नीट बाहेर आले नाहीत. मावशीनं त्याला रडू दिलं. मग म्हणाली, “मन्हं रडनं तुन्हा कामले उनं, येऊ दे. तेन्हा राग नही माले. लोके नाचतस, नाचू दे, त्याले बी नाचानी भलती हौस व्हती. पन नाव कसाले कापं रे?”

कुंदन बाजेचा सुटलेला काथ्या ओढत राहिला.

“या घरमा कोनी लेत नही त्यानं नाव,” ती म्हणाली. “त्यासनी फोटू बी दपाडी ठेवा. माले वाटनं, तू तरी लेशी. तू बी कापं.”

इतके महिने तो ज्या गोष्टीला भीत होता ती गोष्ट तिच्या लेखी काहीच नव्हती. आणि जी खरी जखम होती ती त्यानं आपल्या हुशारीच्या भरात, कात्रीनं, स्वतः केली होती. त्याला ते त्या बाजेवर बसल्या बसल्या पुरतं कळलं. त्यानं एवढंच सांगितलं की नाव मी परत घालीन. पुष्कळ ठिकाणी पोचायचं नाही, पण घालीन.

“ते घालशी तव्हय घाल,” मावशी म्हणाली. “आते मन्हापुढे नाव ले.”

कुंदननं तोंड उघडलं. वर्षभर त्यानंही ते नाव घेतलं नव्हतं. शाहबाजशी बोलतानासुद्धा ‘माझा भाऊ’ म्हणायचा, ‘तो’ म्हणायचा. आता पहिलं अक्षरच सापडेना. मावशी वाट बघत होती, दिवसभराच्या शिणलेल्या तोंडानं, अगदी निवांत, जशी लहानपणी पाढा आठवेपर्यंत बघायची.

“नवल,” तो म्हणाला.

“आखो.”

“नवल.”

घरात जीवराममावसा भांडी मोजत होते, तो आवाज थांबला. ते उंबऱ्यापर्यंत आले आणि तिथंच उभे राहिले, हातात पातेल्याचं झाकण. कुंदनला वाटलं, आता हे खोकतील, पाणी मागतील. ते बाहेर आले, बाजेच्या कडेला टेकले आणि झाकण मांडीवर ठेवून त्यांनी हलकेच एक टाळी वाजवली.

“टाई ते त्याले कधी तालमा वाजाडताच उनी नही,” ते म्हणाले. “नवलले.”

मावशी हसली. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसली, आणि मग मावसाही हसू लागले. ते तिघं मांडवाखाली तसेच बसले होते, तोवर मंडपवाल्याची माणसं खुर्च्या न्यायला आली.